आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमाविषयी अभ्यास मंडळांस खुले पत्र

प्रति,
विद्यापीठांच्या अर्थशास्त्र व राज्यशास्त्र अभ्यास मंडळांचे सन्माननीय सदस्य

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

पदव्युत्तर अभ्यासक्रमाची फेररचना होते, तेव्हा आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थशास्त्र या विषयाचे काय करायचे हा प्रश्न बहुधा अगदी शेवटी, उरलेल्या श्रेयांकांची जुळवाजुळव करताना निघतो. राज्यशास्त्राच्या मंडळींना तो अर्थशास्त्राचा विषय वाटतो, अर्थशास्त्राच्या मंडळींना त्यात पुरेसे गणित दिसत नाही, आणि अखेरीस एका ऐच्छिक प्रश्नपत्रिकेच्या रूपाने तो कोणत्या तरी एका विभागाच्या पदरात पडतो. हा विषय मी आधी विद्यार्थिनी म्हणून शिकले आणि आता काही वर्षे शिकवते आहे. त्या आधारावर माझी तक्रार एकच आहे. सध्याच्या रचनेत विद्यार्थी या विषयातील विचारपंथांची नावे आणि त्यांची वैशिष्ट्ये पाठ करतो, परंतु एखादी प्रत्यक्ष घटना समोर ठेवून तिच्यात पैसा कोणाकडून कोणाकडे गेला, तो तसा जावा हे कोणी ठरवले आणि ते ठरवण्याची ताकद त्यांच्याकडे कोठून आली, हे उलगडून दाखवायला तो शिकत नाही.

ही तक्रार नवी नाही. सुझन स्ट्रेंज या ब्रिटिश विदुषीने 1970 मध्येच एका निबंधात लिहिले होते की आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध या दोन्ही शाखा एकमेकींची उपेक्षा करत आहेत. पुढच्याच वर्षी, 15 ऑगस्ट 1971 रोजी, अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबवले आणि त्याच भाषणात आयातीवर दहा टक्के अधिभारही जाहीर केला. अर्थशास्त्राच्या वर्गात ही घटना स्थिर विनिमय दराची व्यवस्था कोसळल्याचे उदाहरण म्हणून येते. राज्यशास्त्राच्या वर्गात ती आलीच तर व्हिएतनाम युद्धाच्या खर्चाच्या ओघात येते. तो अधिभार का लावला होता, हे मात्र दोन्हीकडे क्वचितच विचारले जाते. जपान आणि पश्चिम जर्मनी यांनी आपापल्या चलनांचे मूल्य वाढवावे यासाठी तो दबाव होता, आणि डिसेंबर 1971 मध्ये नव्या विनिमय दरांवर तडजोड झाल्यावर तो मागे घेण्यात आला. म्हणजे विनिमय दर हा या प्रकरणात वाटाघाटीचा विषय होता आणि जकात हे त्या वाटाघाटीतील शस्त्र होते. दोन विभागांच्या मधल्या भिंतीमुळे नेमका हाच भाग विद्यार्थ्याच्या नजरेआड राहतो.

विचारपंथांच्या यादीबद्दल माझे म्हणणे स्पष्ट करते, कारण त्याविषयी गैरसमज होण्याचा संभव आहे. रॉबर्ट गिल्पिन यांच्या लेखनामुळे उदारमतवाद, राष्ट्रवाद आणि मार्क्सवाद असे त्रिविध वर्गीकरण जगभरच्या अभ्यासक्रमांत स्थिरावले. वर्गीकरण म्हणून ते टाकाऊ नाही. परंतु संपूर्ण प्रश्नपत्रिकेची मांडणीच त्यावर बेतली, की उत्तरपत्रिका ठरावीक साच्यातून निघू लागतात: उदारमतवाद्यांच्या मते अमुक, राष्ट्रवाद्यांच्या मते तमुक, मार्क्सवाद्यांच्या मते आणखी काही, आणि शेवटी तिन्ही दृष्टिकोन आपापल्या परीने महत्त्वाचे आहेत. अशा उत्तराला गुण द्यावेच लागतात, कारण त्यात चूक काहीच नसते. मात्र ते लिहिणाऱ्याला कोणतीही घटना कळलेली असण्याची गरज नसते. कोणत्याही घटनेला तिन्ही पंथ सारख्याच सहजतेने लागू पडत असतील, तर त्या पंथांची कसोटी कधी लागणार?

याऐवजी कसे शिकवता येईल, ते एका प्रकरणाच्या आधारे सांगते.

ऑक्टोबर 1973 ते जानेवारी 1974 या काळात खनिज तेलाची किंमत पिंपामागे सुमारे तीन डॉलरवरून बारा डॉलरच्या घरात गेली. तेल निर्यात करणाऱ्या देशांकडे अचानक इतके डॉलर जमा झाले की ते देशांतर्गत खर्च करणे शक्यच नव्हते. त्यातील मोठा भाग पाश्चात्त्य व्यापारी बँकांत, विशेषतः लंडनमध्ये वाढलेल्या युरोडॉलर बाजारात, ठेवींच्या रूपाने आला. अमेरिकी सीमेबाहेर असलेल्या या डॉलरवर अमेरिकेचे बँकिंग नियम पूर्णपणे लागू होत नव्हते, आणि ब्रिटिश सरकारने हा बाजार आपल्या भूमीवर वाढू दिला होता. ठेवी आल्या की बँकांना कर्जदार हवे असतात. ते त्यांना लॅटिन अमेरिकेच्या सरकारांत आणि सरकारी उपक्रमांत मिळाले. कर्जे डॉलरमधील होती आणि त्यांतील बहुतेकांचा व्याजदर बदलता होता, म्हणजे दर वाढला तर वाढीव बोजा ऋणकोवर पडावा अशी सोय करारातच केलेली होती. 1979 पासून अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे फेडरल रिझर्व्हने, पॉल व्होल्कर यांच्या नेतृत्वाखाली देशांतर्गत महागाई मोडून काढण्यासाठी पतपुरवठा आवळला आणि अल्पमुदतीचे व्याजदर 1981 मध्ये वीस टक्क्यांच्या आसपास पोहोचले. त्याच सुमारास मंदीमुळे कच्च्या मालाच्या किमती घसरल्या. ऑगस्ट 1982 मध्ये मेक्सिकोने कर्जफेड करता येत नसल्याचे जाहीर केले आणि त्यामागून एकेक देश त्याच वाटेने गेला.

इथवरची साखळी अर्थशास्त्राचा चांगला विद्यार्थी सांगू शकतो. खरा अभ्यास पुढे आहे. अमेरिकेतील सर्वांत मोठ्या बँकांनी विकसनशील देशांना दिलेली कर्जे त्यांच्या स्वतःच्या भांडवलापेक्षा जास्त होती, त्यामुळे ही कर्जे बुडीत ठरवली असती तर बँकाच बुडाल्या असत्या. म्हणून अडचणीतील देशांना कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या देखरेखीखाली कर्जांच्या मुदती वाढवल्या गेल्या, जुन्या कर्जाचे व्याज भरता यावे यासाठी नवी कर्जे दिली गेली आणि त्या बदल्यात ऋणको देशांनी सरकारी खर्च कमी करावा, चलनाचे अवमूल्यन करावे, अशा अटी घालण्यात आल्या. धनको बँका एकत्रित समित्या नेमून वाटाघाटी करत होत्या, तर ऋणको देशांना एकेकट्याने समोर बसावे लागत होते. जून 1984 मध्ये लॅटिन अमेरिकेतील ऋणको देश कार्टाहेना येथे एकत्र जमले, परंतु कर्जदारांची संयुक्त आघाडी काही उभी राहिली नाही. मुद्दलाचा काही भाग सोडून देण्याची तयारी अमेरिकेचे अर्थमंत्री निकोलस ब्रेडी यांच्या 1989 च्या योजनेत झाली. तोपर्यंत बँकांना आपले ताळेबंद सावरण्यासाठी सात वर्षे मिळाली होती, आणि तीच वर्षे लॅटिन अमेरिकेच्या इतिहासात ‘वाया गेलेले दशक’ म्हणून नोंदली गेली आहेत.

आता या प्रकरणावर प्रश्न विचारा. तेल उत्पादकांनी ठेवी डॉलरमध्येच का ठेवल्या? व्याजदराची जोखीम ऋणकोने का पत्करली? धनको एकत्र आले आणि ऋणको आले नाहीत, यामागे केवळ धाकदपटशा होता की प्रत्येक ऋणको देशाला आपल्याला स्वतंत्रपणे बऱ्या अटी मिळतील अशी आशा होती? अवमूल्यन आणि खर्चकपात यांचा भार त्या देशांतील कोणत्या वर्गांवर पडला, आणि ज्यांनी आपला पैसा आधीच परदेशी खात्यांत हलवला होता त्यांचे काय झाले? या प्रश्नांची उत्तरे शोधताना विद्यार्थी विचारपंथांकडे स्वतःहून वळतो, कारण आता त्याला त्यांची गरज असते. एखाद्याला वर्चस्वशाली सत्तेच्या स्थैर्याचा सिद्धांत (एक बलाढ्य देश असला की जागतिक व्यवस्था स्थिर राहते) उपयोगी वाटेल, एखाद्याला केंद्र आणि परिघ यांची मांडणी (श्रीमंत केंद्र गरीब परिघाच्या जिवावर वाढते), तर एखाद्याला सामूहिक कृतीचे प्रमेय (हित समान असले तरी गट आपोआप एकत्र येत नाही). कोणता सिद्धांत कोठे अपुरा पडतो हेही त्याला तिथेच दिसते. माझ्या अनुभवात एवढे एक प्रकरण नीट शिकवायला महिना लागतो, आणि तो सार्थकी लागतो.

व्यापाराच्या सिद्धांतांचेही असेच आहे, पण तिथे मी थोडक्यात आटोपते. डेव्हिड रिकार्डो यांचे 1817 मधील उदाहरण प्रत्येक विद्यार्थ्याला येते: पोर्तुगालमध्ये वर्षभराच्या दारूसाठी 80 आणि कापडासाठी 90 माणसांचे श्रम लागतात, इंग्लंडमध्ये अनुक्रमे 120 आणि 100, तरीही दोघांनी व्यापार करणे दोघांच्या फायद्याचे आहे. तर्क निर्दोष आहे आणि तो शिकवलाच पाहिजे. परंतु पोर्तुगाल दारू आणि इंग्लंड कापड हीच जोडी कोठून आली? 1703 च्या मेथुएन तहानुसार इंग्रजी लोकरी कापडाला पोर्तुगालची बाजारपेठ खुली झाली होती आणि त्या बदल्यात पोर्तुगीज दारूवर फ्रेंच दारूपेक्षा एक तृतीयांशाने कमी जकात लावण्याचे इंग्लंडने मान्य केले होते. पोर्तुगालच्या व्यापारातील तूट पुढे बराच काळ ब्राझीलच्या खाणींतील सोन्याने भागवली जात होती. रिकार्डो यांचा सिद्धांत यामुळे खोटा ठरत नाही. मात्र तुलनात्मक लाभ निसर्गाने किती दिला आणि तहाने किती घडवला, हा प्रश्न विचारल्याशिवाय तो अर्धाच शिकवला जातो.

मला अधिक आग्रहाने मांडायचे आहे ते चलन आणि वित्त यांविषयी. बहुतेक अभ्यासक्रमांत व्यापाराला आणि जागतिक व्यापार संघटनेला भरपूर जागा असते. चलनव्यवस्थेला एखादे घटक-प्रकरण मिळते, आणि तेही युद्धोत्तर चलनव्यवस्था ठरवणाऱ्या ब्रेटन वुड्स परिषदेच्या इतिहासात संपते. त्या इतिहासातही 1944 च्या परिषदेला 44 देश उपस्थित होते हे विचारले जाते, परंतु ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांच्या योजनेत सतत शिल्लक बाळगणाऱ्या देशांवरही आकार बसवण्याची तरतूद होती आणि ती अमेरिकेला मान्य होण्यासारखी का नव्हती, हे विचारले जात नाही. तेव्हा अमेरिका हा जगातील सर्वांत मोठा धनको देश होता, एवढे लक्षात घेतले तरी उत्तराची दिशा कळते. तूट असलेल्याने काटकसर करायची आणि शिल्लक असलेल्याने काहीच करायचे नाही, ही विषमता पुढे युरोपच्या 2010 नंतरच्या कर्जसंकटातही दिसली, फक्त बाजू मांडणारे देश वेगळे होते.

नाणेनिधीतील मतभाराचा तक्ता तर विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने मांडून पाहिला पाहिजे. कोट्यांमध्ये, म्हणजे मतभार ज्यावर ठरतो त्या सदस्य देशांच्या वाट्यांमध्ये, बदल करण्यासाठी 85 टक्के मते लागतात आणि अमेरिकेकडे साडेसोळा टक्क्यांच्या आसपास मते आहेत. एवढ्या एका वजाबाकीतून नकाराधिकार कसा निर्माण होतो हे कळते, त्यासाठी संस्थावादावरील स्वतंत्र व्याख्यानाची आवश्यकता नाही. 2010 मध्ये संमत झालेली कोटा सुधारणा अमेरिकी काँग्रेसच्या मंजुरीसाठी रखडून जानेवारी 2016 मध्ये अमलात आली, ही घटना त्याच तक्त्याशेजारी ठेवावी.

सत्तेचे कमी दिसणारे रूप 2008 मध्ये समोर आले. जगभरच्या बँकांना डॉलरची चणचण भासू लागली तेव्हा फेडरल रिझर्व्हने निवडक मध्यवर्ती बँकांशी चलन-अदलाबदलीचे, म्हणजे त्यांच्या चलनाच्या बदल्यात तात्पुरते डॉलर देण्याचे, करार केले. 29 ऑक्टोबर 2008 रोजी ब्राझील, मेक्सिको, दक्षिण कोरिया आणि सिंगापूर यांना प्रत्येकी 30 अब्ज डॉलरची मर्यादा देण्यात आली. त्याच हिवाळ्यात हंगेरी, आइसलँड, युक्रेन आणि पाकिस्तान नाणेनिधीच्या दारात गेले आणि त्यांना कर्जाबरोबर अटीही मिळाल्या. पहिल्या यादीत कोण आणि दुसऱ्या यादीत कोण, हे कोणत्याही जागतिक सभागृहात मतदानाने ठरलेले नव्हते. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाच्या मध्यवर्ती बँकेचा सुमारे 300 अब्ज डॉलर मूल्याचा साठा गोठवला गेला, तेव्हा परकीय चलनाची गंगाजळी म्हणजे सुरक्षित संपत्ती, या पाठ्यपुस्तकी वाक्यालाच तडा गेला. ज्या विद्यार्थ्याने चलनाचा भाग वगळून पदवी घेतली, तो या दोन्ही घटनांविषयी वर्तमानपत्राच्या वाचकाहून फारसे वेगळे काही सांगू शकत नाही.

एक आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आकडे झेपत नाहीत आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना लांबलचक दस्तऐवज वाचण्याचा कंटाळा येतो, असे तो आक्षेप सांगतो. दोन्ही विधानांत तथ्य आहे, परंतु ती विद्यार्थ्यांच्या बुद्धीविषयी नसून आपण लावलेल्या सवयींविषयी आहेत. व्यवहारतोलाचा, म्हणजे देशाच्या परदेशांशी असलेल्या जमाखर्चाचा, तक्ता वाचण्यासाठी बेरीज-वजाबाकीपलीकडचे गणित लागत नाही. चालू खात्यावर तूट असेल तर ती बाहेरून आलेल्या भांडवलाने किंवा गंगाजळीतून भागली पाहिजे, एवढे समजले की 1997 च्या जुलैमध्ये थायलंडला बाथचा डॉलरशी बांधलेला दर का सोडावा लागला याची चर्चा सुरू करता येते. उलट बाजूने, स्थिर विनिमय दर, भांडवलाची मुक्त ये-जा आणि स्वतंत्र चलनधोरण या तिन्ही गोष्टी एकाच वेळी मिळत नाहीत हे अर्थशास्त्राचा विद्यार्थी आकृती काढून सिद्ध करतो; तिघांपैकी कोणती सोडायची हे कोण ठरवते, असे विचारल्यावर मात्र तो थबकतो. मलेशियाने सप्टेंबर 1998 मध्ये भांडवलावर नियंत्रणे लादली तेव्हा तिच्यावर चौफेर टीका झाली. 2012 मध्ये नाणेनिधीनेच विशिष्ट परिस्थितीत अशी नियंत्रणे योग्य ठरू शकतात अशी अधिकृत भूमिका घेतली. मधल्या 14 वर्षांत बदलले ते पुरावे, की पुरावे मान्य करण्याची इच्छा? यावर माझ्या वर्गात नेहमीच मतभेद होतात आणि ते मी मिटवत नाही.

अभ्यासक्रमाचा वैचारिक नकाशा फार अरुंद आहे, हेही नोंदवते. विषयाची सुरुवात 1970 च्या दशकातील अमेरिकी आणि ब्रिटिश विद्यापीठांत झाली, असे समजून आपण शिकवतो. विषयाचे नाव त्या काळात रूढ झाले, हे खरे. प्रश्न जुने आहेत. अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी 1791 मध्ये आणि फ्रीडरिक लिस्ट यांनी 1841 मध्ये उद्योगांना संरक्षण देण्याची मांडणी केली. दादाभाई नौरोजी यांनी वसाहतीतून वर्षानुवर्षे बाहेर जाणाऱ्या संपत्तीचा हिशेब मांडताना आयात-निर्यातीच्या आकड्यांवर बोट ठेवून एक विसंगती दाखवली: निर्यात सतत आयातीपेक्षा जास्त असूनही तिचा मोबदला देशात येत नव्हता. भारतमंत्र्यांचे कार्यालय लंडनमध्ये हुंड्या विकत असे, परदेशी खरेदीदार तिथे स्टर्लिंग भरत आणि निर्यातदाराला रुपये मिळत ते येथील लोकांनी भरलेल्या महसुलातून. व्यवहारतोल आणि साम्राज्य यांची अशी सांगड घालणारे लेखन राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात शिकवले जाते आणि या विषयाच्या वाचनयादीतून गळते, याचे मला आश्चर्य वाटते. अर्जेंटिनाचे अर्थतज्ज्ञ राउल प्रेबिश यांनी 1949 मध्ये कच्च्या मालाच्या निर्यातदारांच्या व्यापारशर्ती, म्हणजे आयातीच्या किमतींच्या तुलनेत निर्यातीच्या किमती, दीर्घकाळात ढासळतात असे मांडले, आणि 1964 मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेचे ते पहिले महासचिव झाले. सिद्धांत मांडणारा माणूसच संस्था उभी करतो, हे उदाहरण टिपा लिहिण्यापुरते नाही.

परीक्षेविषयी दोन वाक्ये. ‘टिपा लिहा’ आणि ‘सविस्तर चर्चा करा’ या दोनच आज्ञा प्रश्नपत्रिकेत असतील, तर वरीलपैकी काहीही वर्गात शिकवून उपयोग नाही, कारण विद्यार्थी प्रश्नपत्रिकेचाच अभ्यास करतो आणि त्याला त्याबद्दल दोष देता येत नाही. कराराचे एक कलम किंवा व्यवहारतोलाचा एक तक्ता छापून त्यावर प्रश्न विचारले, तर वर्षभरात शिकवण्याची पद्धत आपोआप बदलेल.

म्हणून दोन्ही मंडळांना माझी विनंती अशी आहे. हा विषय दोन्ही विभागांची संयुक्त आणि अनिवार्य प्रश्नपत्रिका म्हणून ठेवावा. तो शिकवण्यासाठी प्रत्येक विभागातील एक अध्यापक असावा आणि दोघांनी एकमेकांच्या तासांना बसावे. निम्मी जागा चलन आणि वित्त यांना द्यावी. पंथांची ओळख पहिल्या दोन आठवड्यांत उरकून उर्वरित सत्र चार-पाच प्रकरणांवर खर्च करावे, आणि त्या प्रकरणांची निवड शिकवणाऱ्यांवर सोपवावी. जागतिक व्यापार संघटनेचे अपील मंडळ डिसेंबर 2019 पासून सदस्यांच्या नेमणुका अडवल्यामुळे ठप्प आहे, हे एक प्रकरण मी निवडीन. दुसऱ्या कोणाला औषधांच्या स्वामित्वहक्कांविषयीची 2001 ची दोहा घोषणा किंवा चिपनिर्मितीच्या यंत्रांवरील निर्यातबंदी अधिक योग्य वाटेल. पाठ्यपुस्तक ठरवून देण्याचा मोह मात्र टाळावा.

संयुक्त प्रश्नपत्रिकेत कार्यभार कोणत्या विभागाच्या नावे मोजायचा, हा खरा अडथळा आहे याची मला कल्पना आहे. शैक्षणिक वादांपेक्षा त्यावरच अधिक बैठका खर्ची पडतात. तो निम्मा-निम्मा मोजावा आणि परीक्षकही दोन्ही विभागांतून एकेक नेमावा. पुढील फेररचनेपूर्वी दोन्ही मंडळांनी प्रत्येकी दोन सदस्यांची एक उपसमिती नेमली, तर वर उल्लेख केलेल्या कर्जसंकटाच्या प्रकरणाचे वाचनसाहित्य, तक्ते आणि नमुना प्रश्न मी तिच्यापुढे ठेवण्यास तयार आहे. त्यात काटछाट करण्याचा पहिला अधिकार अर्थातच समितीचा राहील.

आपली नम्र,
या विषयाची एक अध्यापिका